कथील की शिसे?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकी एकीने उभे राहून स्वतःच्या अनुभवाचे चार शब्द सांगावेत, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षे शाळेत शास्त्र शिकवलेत, काहीतरी उपयोगाचे सांगा." मी म्हटले, सांगते, पण माझ्या हुशारीचे काही सांगणार नाही, माझ्या चुकीचे सांगेन. हुशारीच्या गोष्टी ऐकून टाळ्या मिळतात. चुकीची गोष्ट ऐकून दुसरीची चूक टळते. म्हणून आज कथलाविषयी बोलणार आहे.

कथील म्हटले की आपल्या वयाच्या बायकांच्या डोळ्यांपुढे कल्हईवाला उभा राहतो. आमच्या गावी तो वर्षातून दोनदा यायचा. वडाखाली जमिनीत लहानसा खळगा करून तो भाता लावायचा, आणि घराघरांतून पितळी पातेली, तपेली, डाव यांची रांग लागायची. भांडे तापले की त्यात नवसागराची चिमूट टाकून कापसाच्या बोळ्याने घासायचे, पांढरा धूर उठायचा, मग कथलाची कांडी नुसती टेकवायची. ती विरघळली की बोळा गरकन फिरवायचा आणि काळे भांडे क्षणात चांदीसारखे! भांडे पाण्यात टाकले की "चर्र" असा आवाज यायचा, आणि आम्ही मुले तेवढ्यासाठी शाळा बुडवायला तयार असायचो. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक किंवा आमटी राहिली तर ती कळकते, हे आपल्या आयांना ठाऊक होते. आंबटाने तांबे सुटते आणि ते पोटात गेले की मळमळते. सरकारलाही हे ठाऊक होते. 1955 च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत, नीट कल्हई न केलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात शिजवलेले अन्न खाण्यास अयोग्य मानावे, असे स्पष्ट लिहिलेले होते.

पुढे स्टेनलेस स्टील आले आणि कल्हईवाला गेला. आम्ही नेरूळला राहायला आलो तेव्हा वाशीला अजून रेल्वे आलेली नव्हती. ती 1992 साली आली. त्या काळी सिडकोच्या नव्या कोऱ्या घरांत कोणी पितळ आणले नाही. जुनी भांडी गावाकडे माळ्यावर राहिली, नाहीतर मोडीत गेली. आता मात्र वारे फिरले आहे. सुनांना आणि लेकींना पितळी कढई हवी, तांब्याचा हंडा हवा, आणि कल्हईवाला कुठे मिळतो अशी विचारणा मंडळाच्या गटावर महिन्यातून एकदा तरी होतेच. तेव्हा माझी गोष्ट ऐकून घेणे तुमच्याही स्वयंपाकघराच्या कामाचे आहे.

तर गोष्ट अशी. तीन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या आधी माझ्या मनात आले की आपल्या मंडळातल्या नातवंडांच्या बोरन्हाणाला यंदा प्लॅस्टिकची खेळणी नकोत. चुरमुरे, बोरे, हलवा यांच्याबरोबर आपण लहानशी धातूची भातुकली देऊ, आणि तीही स्वतःच्या हाताने ओतलेली. निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसत नव्हते. पितळ ओतणे घरात शक्य नाही, त्याला नऊशे अंशांहून अधिक उष्णता लागते. पण कथील अवघ्या 232 अंशांवर वितळते. तळणीच्या तेलापेक्षा थोडीशीच अधिक ही उष्णता. लोखंडी पळीत, गॅसवर, कथील वितळून पाण्यासारखे वाहू लागते.

साच्याची तजवीज तर फारच सुरेख झाली. आपल्या बेलापूरच्या दिवाळे गावच्या कोळीणीकडून मी नेहमी मासळी घेते. माकुलाच्या पाठीत जे पांढरे, हलके हाड असते, ज्याला आपण समुद्रफेस म्हणतो, त्यावर सोनार पूर्वीपासून लहान दागिने ओततात, हे मी वाचले होते. ते हाड नखानेही कोरता येते आणि वितळलेले कथील सहज सोसते. मी चार हाडे मागितली तेव्हा ती हसून म्हणाली, "हाडाचं पैसं कसलं घ्यायचं, बाय? घेऊन जा." ते हाड घासून सपाट केले, दातकोरणीने आत तव्याचा आकार कोरला, दुसरे हाड वर दाबून तारेने बांधले, आणि साचा तयार. एक गोष्ट येथेच सांगून ठेवते. साचा आणि पळी दोन्ही कडकडीत कोरडी हवीत. पाण्याचा एक थेंब वितळलेल्या धातूखाली सापडला की त्याची वाफ होऊन तो सोळाशेपट फुगतो आणि धातू तोंडावर उडतो. फोडणीत पाणी पडल्यावर काय होते ते आपण जाणतोच. हे त्याहून कितीतरी वाईट.

प्रश्न राहिला कथलाचा. नवे कथील महाग. शिशाच्या दहापटीहूनही अधिक भावाने ते विकले जाते, आणि आपल्या देशात ते फार थोडे निघते. छत्तीसगडात बस्तरकडे थोडेसे खनिज सापडते, बाकीचे बहुतेक इंडोनेशिया, मलेशिया अशा देशांतून येते. माझ्या पेन्शनरी बुद्धीला वाटले, भंगारात कुठेतरी कथील असणारच. "टिन" तर आपल्या घरात पावलोपावली आहे! आणि मी शोधायला लागले.

पहिला शोध अर्थातच डब्यांचा. तेलाचा पंधरा किलोचा डबा आपण "टिनचा" म्हणतो. पण तो असतो पोलादी पत्र्याचा. गंजू नये म्हणून त्यावर कथलाचा जो मुलामा असतो तो इतका पातळ की आख्ख्या डब्यावरचे सारे कथील खरवडून काढले तरी जेमतेम काही ग्रॅम भरेल. थंड पेयांचे डबे तर ॲल्युमिनियमचे. त्यांत कथलाचे नावही नाही. गौरी-गणपतीच्या मखराला आपण बेगड लावायचो, ते पूर्वी खरोखर कथलाच्या पातळ पत्र्याचे असे. आता बाजारात बेगड म्हणून मिळते ते ॲल्युमिनियम किंवा प्लॅस्टिक. म्हणजे बेगडच बेगडी निघाले!

दुसरा शोध कारखान्यांकडचा. जुन्या यंत्रांच्या बेअरिंगांत "व्हाइट मेटल" नावाचा मऊ पांढरा धातू ओतलेला असतो. 1839 साली अमेरिकेत आयझॅक बॅबिट नावाच्या कारागिराने तो काढला. त्यात कधी ऐंशी-नव्वद टक्के कथील असते, तर कधी बहुतेक सगळे शिसेच असते, आणि वरून पाहून दोन्ही सारखेच. परदेशी वाडग्या आणि पेले असतात ना, प्यूटरचे? हल्लीच्या चांगल्या प्यूटरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक कथील असते. जुन्यात शिसे मिसळलेले असे. म्हणजे तेथेही कुळ-शील माहीत असल्याशिवाय सोयरीक करता येत नाही.

तिसरा शोध डाखाचा, आणि येथेच मी फसले. रेडिओ, टीव्ही, घड्याळे यांच्या तारा जोडायला जो डाख वापरतात तो कथलाचा असतो, हे मला ठाऊक होते. शिळफाट्याकडे भंगाराची गोदामे ओळीने आहेत. त्यांतल्या एकाकडे डाखाच्या कांड्यांचे तुकडे आणि वितळवून केलेल्या वड्या होत्या. मी विचारले, "हे शुद्ध कथील का?" तो म्हणाला, "आजी, एकदम शुद्ध." मी तीन किलो घेतले. त्याचा दोष मी फारसा धरीत नाही. त्याच्या धंद्यात डाखालाच कथील म्हणतात. दोष माझा, कारण मी शिक्षिका होते आणि मला विचारायचे होते ते वेगळे होते. "यात शिसे किती?" असे मी विचारलेच नाही.

भगिनींनो, जुन्या डाखात साधारण साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसे असते. हे मिश्रण 183 अंशांच्या सुमारासच वितळू लागते, म्हणून कारागिराला सोयीचे. मला मात्र ते लवकर वितळले याचाच आनंद झाला! "किती छान कथील आहे," असे मी घरात चारदा म्हटले. खरे म्हणजे तेथेच मनात शंका यायला हवी होती.

अकरा मुलांसाठी अकरा संच केले. प्रत्येकात एक तवा, एक उलथणे, एक पोळपाट आणि एक ताटली. बोरन्हाण झाले. तुम्ही सगळ्यांनी कौतुक केलेत. फोटो निघाले. त्या आठवड्यात मी जमिनीपासून दोन बोटे वर चालत होते.

दहा-बारा दिवसांनी माझी नात जमिनीवर बसून कागदावर काही गिरवीत होती. मी पाहिले तर हातात पेन्सिल नव्हती, तवा होता. तव्याच्या कडेने तिने कागदावर करड्या रेघा ओढल्या होत्या. ती म्हणाली, "आजी, हा तवा शिसपेन्सिलीसारखा लिहितो!"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पेन्सिलीला आपण शिसपेन्सिल म्हणतो खरे, पण तिच्यात शिसे नसतेच; असते ते ग्रॅफाइट, म्हणजे कोळशाचाच एक भाऊ. नाव मात्र राहून गेले आहे. ग्रॅफाइट सापडण्यापूर्वी युरोपातले चित्रकार शिसे आणि कथील यांच्या मिश्रणाच्या कांडीने कागदावर रेघा काढीत. शाळेत हे मी वर्षानुवर्षे मुलांना सांगितले होते. शिसपेन्सिलीत शिसे नव्हते. माझ्या तव्यात होते.

तरी खात्री करावी म्हणून स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. ही रीत तुम्हीही लक्षात ठेवा, खर्च काही नाही. उरलेले सगळे तुकडे दोऱ्याने एकत्र बांधून तोलले, ते भरले 340 ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून काटा शून्यावर आणला, आणि तो जुडगा दोऱ्याने पाण्यात असा लोंबता धरला की पुरा बुडेल पण तळाला टेकणार नाही. काटा जितके ग्रॅम दाखवील तितके घनसेंटिमीटर त्या धातूचे आकारमान. शुद्ध कथील पाण्याच्या 7.3 पट जड, म्हणून काट्याने सुमारे 47 दाखवायला हवे होते. दाखवले 40. म्हणजे धातू पाण्याच्या साडेआठ पट जड. साठ-चाळीसचा डाख बरोबर इतकाच भरतो. हिशेब चुकला असेल म्हणून तीनदा केला. तिन्ही वेळा चाळीस.

शिशाने काय होते हे थोडक्यात सांगते. मोठ्या माणसालाही ते वाईट, पण लहान मुलाच्या शरीरात ते कितीतरी अधिक प्रमाणात शोषले जाते, आणि त्याचा मारा होतो तो वाढत्या मेंदूवर. मूल आजारी दिसत नाही. ताप नाही, पुरळ नाही. पुढे शाळेत लक्ष लागत नाही, शिकलेले राहत नाही, चिडचिड वाढते, आणि आपण म्हणतो, पोरगे आळशी आहे. शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक, असे सांगता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. 2020 साली युनिसेफने एक अहवाल काढला. जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे सुमारे ऐंशी कोटी मुलांच्या, रक्तात काळजी करण्याइतके शिसे आहे, असा त्यातला अंदाज. त्यांतली सुमारे साडेसत्तावीस कोटी मुले आपल्या देशातली. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळवणे, रंग, भेसळीचे मसाले, भांडी, अशी त्याची अनेक दारे. त्यांत एक दार मी माझ्या हाताने अकरा घरांत उघडून दिले होते.

त्या रात्री मला झोप आली नाही. मनात दोन आवाज होते, खरे सांगते. एक म्हणत होता, "खेळणी काय, मुले चार दिवसांत टाकून देतात. बोलू नकोस, उगाच बभ्रा होईल." दुसरा काही बोलतच नव्हता, तो नुसता त्या करड्या रेघेकडे बोट दाखवीत होता.

सकाळी उठून मी पिशवी घेतली आणि पहिल्या घराची घंटा वाजवली. काय सांगायचे ते पाठ केले होते, पण दार उघडल्यावर एवढेच म्हणाले, "मी दिलेली भातुकली परत द्या. तिच्यात शिसे आहे. चूक माझी आहे." अकरा घरी हेच अकरा वेळा म्हणाले. कोणी पाणी दिले, कोणी चहा केला. एक ताई म्हणाल्या, "अहो काकू, इतके काय मनाला लावून घेता? आमच्या लहानपणी आम्ही काय काय चघळले!" एक तरुण आई मात्र काही न बोलता आत गेली, खेळणी आणून माझ्या हातात ठेवली आणि दार लावून घेतले. तिचे काही चुकले, असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. पुढे कित्येक महिने ती माझ्याशी बोलली नाही. आज ती या सभागृहात बसली आहे, हा तिचा मोठेपणा.

चव्वेचाळीस वस्तूंपैकी त्रेचाळीस तीन दिवसांत परत आल्या. एक उलथणे सापडेना. आठव्या दिवशी ते एका घरी सोफ्याच्या गादीखाली मिळाले. त्याची बारीक दांडी वाकलेली होती आणि तिच्यावर दोन इवल्या दातांच्या खुणा होत्या. ते मूल चौदा महिन्यांचे होते.

त्याच्या आईने आणि मी दोघींनी त्याला बालरोगतज्ज्ञांकडे नेले. रक्तातले शिसे मोजण्याची तपासणी असते, ती केली. अहवाल यायला चार दिवस लागले. ते चार दिवस कसे गेले ते मी सांगू शकणार नाही. आकडा कमी निघाला. उपचाराची गरज नाही, तीन महिन्यांनी पुन्हा पाहू, असे डॉक्टर म्हणाले, आणि पुन्हा पाहिले तेव्हा तो आणखी उतरला होता. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी मात्र सगळ्यांच्या उपयोगाच्या आहेत. शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शिसे अधिक शोषले जाते. म्हणून मुलांना नाचणी, दूध, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे वेळेवर द्यावे, उपाशी पोटी खेळायला सोडू नये, आणि जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. आपल्या आज्यांनीही याहून वेगळे काय सांगितले होते!

आकडा कमी निघाला हे माझे कर्तृत्व नव्हे. तो जास्तही निघू शकला असता.

आता कोणी विचारील, मग घरात धातू ओतूच नये का? मी तसे म्हणणार नाही. फार आनंदाचे काम आहे ते. मीही सोडलेले नाही. पण मी स्वतःला तीन नियम घालून घेतले आहेत, ते तुमच्यापुढे ठेवते.

पहिला नियम : जे तोंडात जाणार, अन्नाला लागणार किंवा मुलाच्या हातात पडणार, ते भंगारातल्या धातूचे करायचे नाही. त्यासाठी धातूच्या व्यापाऱ्याकडून नवे कथील घ्यावे, 99.9 टक्के शुद्धतेचे, आणि शुद्धतेच्या दाखल्याची प्रत व बिल मागून घ्यावे. वडी मोठी असते, एकटीला परवडत नाही. पाचजणींनी मिळून घेतली तर परवडते. खेळण्यांच्या बाबतीत तर 1 जानेवारी 2021 पासून आपल्या देशात बाजारातल्या खेळण्यांवर आय.एस.आय.ची खूण असणे सक्तीचे झाले, आणि त्या तपासणीत शिसेही पाहिले जाते. माझ्या तव्यावर कसली खूण होती? फक्त माझ्या शब्दाची.

दुसरा नियम : भंगार घ्यायचेच तर त्याचे कुळ विचारायचे. युरोपात 1 जुलै 2006 पासून विजेच्या नव्या उपकरणांतून शिसे जवळजवळ हद्दपार झाले, आणि आपल्याकडेही 2011 च्या ई-कचरा नियमांत तशी मर्यादा आली. त्यामुळे आता शिसेविरहित डाख मिळतो. त्याच्या रिळावर तसे लिहिलेले असते. त्यात साधारण साडेशहाण्णव टक्के कथील, तीन टक्के चांदी आणि थोडे तांबे असते. रिळावरचे नाव वाचता येते. वितळवून केलेल्या वडीला मात्र नाव नसते. म्हणून बिननावाची वडी घ्यायची नाही. जुन्या टीव्ही-रेडिओतला डाख तर शिशाचाच समजावा आणि तो घरात वितळवू नये. वितळवताना वर जी राखाडी साय येते तिच्यात शिसे असते. ती ओट्यावर, केरसुणीत, पदरात, सगळीकडे जाते.

तिसरा नियम : घरगुती परीक्षा कराव्यात, पण त्यांच्यावर विसंबू नये. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली तर करकर असा बारीक आवाज येतो. जुने कारागीर त्याला कथील रडते असे म्हणत. कागदावर घासली तर ती फारशी उमटत नाही. आणि पाण्यातले वजन मी आत्ताच सांगितले. पण लक्षात घ्या, शिसे चाळीस टक्के असेल तर काटा ते पकडतो. पाचच टक्के असेल तर कथलाचे 7.3 चे फक्त 7.4 होते, आणि स्वयंपाकघरातल्या काट्याला तो फरक कळत नाही. मुलाला मात्र पाच टक्केही पुरतात. मोठ्या धातुव्यापाऱ्यांकडे क्ष-किरणांचे हातात धरायचे यंत्र असते. ते टेकवले की काही क्षणांत कोणता धातू किती ते दिसते. शंका असेल तेथे ते लावून घ्यावे, आणि नाहीतर ती वस्तू सोडून द्यावी.

आता शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे, कल्हईचे. जी चूक मी तव्यात केली ती तुमच्या कढईत होऊ शकते. कथील महाग आणि शिसे स्वस्त, मग कांडीत शिसे मिसळण्याचा मोह कोणाला होणार नाही? बिचाऱ्या कल्हईवाल्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते. तो बाजारातून कांडी घेतो आणि विश्वासाने वापरतो, जसा मी वापरला. शिशाची कल्हईही चकचकीतच दिसते. आणि मग तिच्यात आपण कोकमाचे सार करतो, चिंचेची आमटी करतो. आंबटाने तांबे सुटू नये म्हणून कल्हई करायची आणि आंबटाबरोबर शिसे पोटात घालायचे, याला काय म्हणावे? म्हणून कल्हईवाल्याला आदराने विचारा, "दादा, कथील कुठून आणता? बिल आहे का?" त्याच्याकडे नसेल तर कथील आपण देऊ. मी गेल्या वर्षी तसे केले. आलेला कल्हईवाला म्हणाला, "ताई, गिऱ्हाइकानेच कथील दिले तर मलाही बरे, तेवढा पैसा माझा अडकत नाही." त्याला मजुरी पुरी दिली, आणि माझे पातेले निश्चिंत झाले.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. दरवर्षी दिवाळीच्या आधी मंडळाने शुद्ध कथलाची एक वडी दाखल्यासह विकत घ्यावी, ज्यांना कल्हई करायची त्यांनी वजनाप्रमाणे पैसे द्यावेत, आणि एक दिवस ठरवून कल्हईवाल्याला आपल्या सोसायटीच्या आवारात बोलवावे. आपल्या नातवंडांना तो "चर्र" आवाज ऐकायला मिळेल, आणि त्या आवाजाची भीती आपल्याला राहणार नाही.

आणखी एक. ते त्रेचाळीस तुकडे, ते एक उलथणे आणि उरलेला सगळा डाख मी अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे देऊन टाकला. फक्त एक तवा ठेवला आहे. तो आज या काचेच्या बंद बरणीत आणला आहे. चहापानाच्या वेळी हात न लावता जरूर पाहा. शेजारी तो कागदही आहे, ज्यावर माझ्या नातीने रेघा ओढल्या. शाळेत छत्तीस वर्षे मी मुलांना शिकवले, आणि निवृत्तीनंतर सर्वांत मोठा धडा मला पाच वर्षांच्या मुलीने एका रेघेत शिकवला.

यंदाच्या संक्रांतीला त्याच समुद्रफेसाच्या साच्यांत, नव्या कथलाची, दाखला तपासून घेतलेली अकरा ताम्हने मी पुन्हा ओतली. मुलांना नव्हे, त्यांच्या आयांना हळदीकुंकवाचे वाण म्हणून दिली. प्रत्येकीबरोबर दाखल्याची प्रत दिली. ज्या तरुण आईने दार लावून घेतले होते तिने ते वाण दोन्ही हातांनी घेतले, प्रत वाचली, आणि म्हणाली, "काकू, पुढच्या खेपेला मलाही ओतायला शिकवा." याहून मोठे पारितोषिक मला नको.